चर्चमध्ये हसतो, घरात नाही

हा प्रश्न मला एवढ्यात किती जणांनी विचारला ते मोजलं नाही, पण कंटाळा येईल इतक्यांनी नक्कीच. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधली एक मावशी, नवऱ्याचं डायलिसिस चालू. अमळनेरचा एक पोरगा, भरतीत तीनदा पडलेला. धुळ्याची एक नर्स, जिचं लग्न मोडलं. गोष्टी वेगळ्या, पण गाडी शेवटी एकाच स्टेशनात येऊन थांबते. "ताई, बायबलचं वचन म्हणतं प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, आणि मला तर काहीच वाटत नाही. म्हणजे माझा विश्वास खोटा का?"

दरवेळी तेच बोलण्यापेक्षा म्हटलं एकदा लिहूनच टाकू. एकाच माणसाची गोष्ट सांगते, त्याला विचारून, नाव आणि बारीकसारीक तपशील बदलून.

सामुएलभाऊ म्हणू त्यांना. नवापूर तालुक्यातले, मावची आदिवासी, घरातली भाषाही मावचीच, वय चाळीसच्या आसपास. दोन एकर भात आणि तूर, दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत. वडील चर्चचे प्रचारक होते. त्या पट्ट्यात शंभरेक वर्षांपूर्वी स्कॅन्डिनेव्हियन मिशनवाले आले तेव्हापासूनची त्यांची घरं ख्रिस्ती, म्हणजे हे काही काल-परवाचं नवं खूळ नव्हे. चर्चमध्ये ढोलकी ह्यांचीच. नंदुरबारला माझ्याकडे समुपदेशनाला यायचे ते सुरत-भुसावळ लाईनच्या गाडीने, आणि गाडी लेट झाली की माझं पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडायचं, ते असो.

पहिल्या दिवशी आले ते हसतच. इतकं हसत की मला वाटलं चुकून दुसऱ्या कामाला आलेत. "प्रभूच्या कृपेने सगळं छान आहे ताई, फक्त बायकोने पाठवलंय."

"ती काय म्हणाली?"

"ती म्हणते, तू चर्चमध्ये हसतो, घरात हसत नाही."

त्या बाईला मी अजून भेटलेले नाही, पण माझं निम्मं काम तिनेच करून पाठवलं होतं.

हळूहळू निघालं ते असं. मुलगी तेरा वर्षांची, सिकलसेल. आमच्या नंदुरबार भागात हा आजार नवा नाही, बरीच गावं अशी आहेत की विचारलं तर कुणाच्या ना कुणाच्या घरात निघतोच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि मग हाडांत अशी कळ येते की लेकरू रात्र रात्र किंचाळतं. थंडी पडली, पाणी कमी पडलं, ताप आला, दमणूक झाली की झटका. आईवडील दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळाला हा आजार व्हायची शक्यता चारात एक. दोघांना स्वतःला काही त्रास नसतो त्यामुळे कळतच नाही, लेकरू आजारी पडल्यावर कळतं.

सामुएलभाऊंना हे डॉक्टरांनी कागदावर विळा काढून समजावलं होतं. त्यांनी त्यातलं एकच वाक्य घरी नेलं, तुमच्या दोघांकडून आलंय. ते वाक्य सहा वर्षं पोटात ठेवून हा माणूस दर रविवारी ढोलकी वाजवत होता.

आणि अजून एक गोष्ट, जी तिसऱ्या भेटीत कळली आणि मला खुर्चीतून उठावंसं वाटलं. कुठल्याशा बरेपणाच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करायच्या, सभेत कुणीतरी सांगितलं होतं की गोळ्या चालू ठेवणं म्हणजे देवावर अविश्वास. म्हणून दोन महिने पोरीची हायड्रॉक्सियुरिया, म्हणजे झटके कमी करणारी गोळी, बंद! मी सहसा कुणाला आदेश देत नाही, माझी ती पद्धतच नाही, पण त्या दिवशी दिला. म्हटलं भाऊ, बाकीचं बोलणं नंतर, इथून उठायचं आणि सरळ सरकारी दवाखान्यात जायचं, डॉक्टरांना खरं सांगायचं आणि ते सांगतील तशा गोळ्या परत सुरू. बायबलमधला लूक स्वतः वैद्य होता, प्रेषित पौल त्याला लाडका वैद्य म्हणतो, त्याला कुणी सांगितलं नाही की तुझी पिशवी समुद्रात टाक. ते गेले, आणि संध्याकाळी फोन करून सांगितलं की डॉक्टर आधी रागावले आणि मग गोळ्या लिहून दिल्या. तुमच्यापैकी कुणी असं करत असाल तर हा लेख इथेच सोडा आणि आधी डॉक्टरांना फोन करा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का, हेही मी थेट विचारलं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो असं लोकांना वाटतं, तसं नसतं. ते म्हणाले "नाही, पण झोपल्यावर सकाळ झाली नाही तर बरं असं वाटतं". अशा वाक्याला मी साधं समजत नाही. त्या आठवड्यापासून बायकोला सगळं सांगायचं ठरलं, आणि रात्री कधीही फोन करायचा हेही.

चौथ्या भेटीत मी विचारलं, "प्रार्थनेत काय म्हणता?"

त्यांनी डोळे मिटले आणि सुरू झाले. हे परमपवित्र दयासागर स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे आभार मानतो, तू केलेल्या अनंत उपकारांबद्दल... अस्खलित, पुस्तकी, अगदी बायबलसोसायटी छाप मराठी. चार मिनिटं. त्यात मुलगी नाही, रात्र नाही, विळा नाही. फक्त आभार.

मी विचारलं, "भाऊ, शेतात बैल उधळला तर कोणत्या भाषेत ओरडता?"

"मावचीत."

"आणि पोरीला कळ येते तेव्हा तिला जवळ घेऊन काय बोलता, कशात बोलता?"

"मावचीतच की."

"मग देवाशीच एवढं सरकारी अर्जासारखं का?"

गप्प झाले. मग म्हणाले, "वडील असंच करायचे. चर्चमध्ये गाणी आमच्या भाषेत होतात पण प्रार्थना मराठीत, ती मोठी वाटते. आपल्या भाषेत केली तर..." आणि थांबले.

"तर काय?"

"तर तोंडातून काहीपण निघेल."

इथे मी थोडी थांबते, कारण इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण बोटावर मोजण्याइतके आलेत आणि त्यातला हा मी विसरणार नाही. मला कळलं की हा माणूस आनंद नसल्याने थकलेला नव्हता, आनंद दाखवून थकलेला होता. देवासमोरही त्याने इस्त्रीचा शर्ट उतरवला नव्हता. आणि जी माणसं मला "आनंद वाटत नाही" सांगतात त्यातल्या बहुतेकांचं नेमकं हेच असतं. रडू दाबलं की त्याच्याबरोबर हसूही दाबलं जातं, एकच बोळ आहे तो, वेगवेगळी दारं नाहीत. मी ह्याच मताची आहे, ज्यांना पटत नाही त्यांनी माझ्याशी जरूर भांडावं.

मी म्हटलं, "आज इथेच करा. मावचीत. जे निघेल ते. मला मावची कळत नाही, त्यामुळे लाजायचं कारण नाही."

पाच मिनिटं काहीच नाही. बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी भाड्यावरून हुज्जत घालत होता तेवढंच ऐकू येत होतं. मग सुरू झाले. सुरुवातीला हळू, मग मोठ्याने, मग टेबलावर हात आपटून. मला खरंच एक शब्द कळला नाही, मुलीचं नाव तेवढं दहा-बारा वेळा आलं. आणि मग ते रडले, गडी माणसं एकदाची सुटली की रडतात तसं. मी पाणी पुढे केलं आणि बसून राहिले. आमची आई अशा वेळी अहिराणीत म्हणायची, रडी ले, मंग खाई ले. माझं सगळं शिक्षण त्या एका वाक्याच्या पुढे फार गेलंय असं मला वाटत नाही.

अर्ध्या तासाने तोंड पुसून म्हणाले, "ताई, मी देवाला शिव्या दिल्या. आता काय होईल?"

मी बायबल काढून त्यांना तेराव्या स्तोत्राचं पान उघडून दिलं. पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा विचारलंय कुठवर, कुठवर. मला विसरलास का असं तोंडावर विचारतो तो माणूस. आणि हे कुणी फाडून टाकलं नाही, उपासनेच्या पुस्तकात ठेवलं. दीडशे स्तोत्रांमधली कितीतरी अशीच तक्रारीची आहेत, आणि अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी सुद्धा उजेड नाही. "हे सगळं देवाने ऐकून घेतलं भाऊ, तुमचं नाही घेणार?"

मग ते पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र, ज्यातलं "सर्वदा आनंद करा" आपण भिंतीवर फ्रेम करून लावतो. चार अध्यायांचं पत्र, कैदेतून लिहिलेलं, आनंद हा शब्द पानोपानी. पण दुसऱ्या अध्यायात एक ओळ आहे तिची फ्रेम मी अजून कुणाच्या घरात पाहिली नाही. पौलाचा सोबती एपफ्रदीत आजारी पडून मरायला टेकला होता, तो वाचला, आणि पौल लिहितो की देवाने माझ्यावरही दया केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. म्हणजे आनंद करा म्हणणारा माणूस त्याच पत्रात कबूल करतो की मी आधीच दुःखात आहे आणि वरून अजून एक आलं असतं तर झेपलं नसतं. दोन्ही एकाच शाईत! मी हे इतक्या जणांना दाखवलंय की माझ्या बायबलचं ते पान सुटायला आलंय.

चौथ्या अध्यायात तो म्हणतो, असेल त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो. शिकलो, म्हणजे आधी येत नव्हतं. पौलालाही ढोलकीसारखं हात बसेपर्यंत बडवावं लागलं असणार.

लोक मला विचारतात मग विश्वासाचा आनंद म्हणजे नेमकं काय. माझ्यापुरतं सांगते. तो मूड नाही. मूड झोपेवर, जेवणावर, पाळीवर, पगारावर चालतो. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडुपाखाली मरण मागत पडला तेव्हा देवाने त्याला आधी वचन नाही दिलं, भाकर दिली आणि झोपू दिलं, दोनदा. म्हणून मी सगळ्यांना आधी झोपेचं विचारते, मग विश्वासाचं. हा आनंद दुःखाच्या जागी येत नाही, त्याच्या शेजारी येऊन बसतो, मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखा, आणि तो येतो ते बहुतेक खरं बोलून झाल्यावर. नाटक चालू असेपर्यंत तो दाराबाहेरच थांबतो बिचारा.

राहिलं ते "तुमच्या दोघांकडून आलंय". त्यावर पाचव्या भेटीत मी योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढला. जन्मांध माणूस बघून शिष्य विचारतात पाप कुणी केलं, ह्याने की ह्याच्या आईबापाने. येशू म्हणतो ह्यानेही नाही, आईबापांनीही नाही. सामुएलभाऊंनी ते तीनदा वाचलं आणि म्हणाले, "हे मला पाठ आहे ताई. पण आईबाप म्हणजे आम्ही, हे कधी लक्षातच आलं नाही." त्या आठवड्यात त्यांनी बायकोला पहिल्यांदा सांगितलं की सहा वर्षं मी स्वतःला गुन्हेगार समजतोय. ती म्हणाली, मी पण. एकाच घरात दोघंही एकेकट्याने शिक्षा भोगत होते.

जानेवारीत थंडी वाढली आणि पोरीला झटका आला. मला भीती होती की सगळं परत पहिल्यासारखं होईल. तीन दिवस दवाखान्यात, सलाईन, वेदनेची औषधं. डिस्चार्ज झाल्यावर भाऊ आले, डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली, आणि पहिल्यांदा न हसता आत आले.

"आनंद वाटला का वगैरे विचारू नका," खाली बसता बसता म्हणाले.

"नाही विचारत."

"नाहीच वाटला. पण रात्री तीनला ती ओरडत होती आणि मी तिकडे कोपऱ्यात उभा राहून त्याच्याशी भांडत होतो, आपल्या भाषेत. आणि भांडता भांडता कळलं की मी कुणाशी तरी बोलतोय. एकटा नाहीये. सहा वर्षांत दवाखान्यात पहिल्यांदा असं वाटलं." थोडं थांबून म्हणाले, "सकाळी तिने बिस्कीट मागितलं तेव्हा मी हसलो. बायकोने बघितलं."

मी ह्यात काही जोडलं नाही. जोडायचा मोह झाला होता, आम्हा लोकांना तो फार होतो.

जाताना पिशवीतून तूरडाळ काढली, नवापूरची, घरच्या शेतातली, निदान तीन किलो. मी नको म्हटलं, आमच्यात फीशिवाय काही घ्यायचं नसतं, तर म्हणाले ही फी नाही, डाळ आहे. ह्यावर काय बोलणार.

दारातून परत वळले. "ताई, पोरगी रुसलीये माझ्यावर."

"का?"

"त्या रात्रीचं तिला सांगितलं. तर म्हणते, बाबा तू देवाशी भांडत होता तर मला का नाही घेतलं, मला पण भांडायचं होतं, दुखत तर मला होतं."

मी म्हटलं, पुढच्या वेळी तिलाच घेऊन या.