वकिलाने तोंड कधी उघडावं?

पक्षकाराची लबाडी वकिलाला कळली, तर त्याने जागल्या (गैरप्रकार उघड करणारा, व्हिसलब्लोअर) व्हावं का? पत्रं बहुतेक याच एका घोळाची आहेत.

खटला संपला, वकीलपत्रही संपलं. आता बोलू शकतो ना?

नाही. पक्षकाराचं बोलणं गुप्त ठेवण्याचं बंधन काम संपल्यावरही राहतं.

मी वकिलांकडे कारकून आहे. मला हे लागू नाही ना?

आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम १३२ कारकुनालाही बांधतं.

पक्षकाराने बनावट खरेदीखत केल्याचं मला सांगितलं. एक ज्येष्ठ म्हणाले, गुन्हा कळला की गुप्तता संपते. पोलिसांत जाऊ का?

बाररूममधला ऐकीव कायदा! तेच कलम १३२ (जुन्या पुरावा कायद्याचं १२६) उघडा आणि खालची उदाहरणं वाचा. ‘मी बनावट दस्त केला, माझा बचाव करा’ हे बोलणं गुप्तच राहतं. आरोपीचा बचाव करणं हा गुन्हा नाही. ‘या बनावट दस्तावर जमिनीचा ताबा हवाय, दावा लावा’ याला मात्र संरक्षण नाही. तिसरं उदाहरण अफरातफरीचं: वकिलाने काम घेतलं तेव्हा हिशेबाच्या वहीत नसलेली नोंद खटला चालू असताना तिच्यात दिसते. तीही गुप्त नाही. म्हणजे गुन्हा किती मोठा, हे इथे बघायचंच नसतं. तो तुम्ही काम घेण्याआधीचा की नंतरचा, आणि पुढच्या लबाडीसाठी तुम्हाला वापरलं जातंय का, एवढंच बघायचं.

शिवाय अपवादात बसलं म्हणजे ठाण्यात धावायचं, असंही नाही. अंदाज चुकला तर बार कौन्सिलचा गुप्ततेचा नियम १७ मोडतो, आणि ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली सनद निलंबित होऊ शकते, रद्दसुद्धा. खत आधीचं असेल तर गप्प बसा. त्यावर दावा लावायला सांगत असेल तर लावू नका, आणि पक्षकाराचं नाव न घेता फौजदारीतल्या जाणत्या वकिलाला याच आठवड्यात भेटा. दावा दाखल करून मग विचारायला येणारेच फार.

मी कंपनीच्या विधी विभागात पगारी आहे. कलम १३२ मलाही लागू आहे का?

ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कलम १३२ पगारी विधी अधिकाऱ्यासाठी नाही. नोकरीचा करार मात्र बांधतोच. तो एखाद्या वकिलाकडून तपासून घ्या. कंपनी सूचीबद्ध (शेअर बाजारात नोंदलेली) असेल तर कंपनी कायद्याच्या कलम १७७ खालची दक्षता यंत्रणा असते, लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत जाता येतं. इनसायडर ट्रेडिंगची (आतल्या गुप्त माहितीवर केलेल्या शेअर-व्यवहारांची) पक्की माहिती असेल तर बाजार नियामक सेबीचं बक्षीस १० कोटींपर्यंत जाऊ शकतं. ‘बक्षीस मिळवून देतो, टक्का द्या’ म्हणणाऱ्या सल्लागाराला दारातूनच परत पाठवा.

व्हिसलब्लोअर कायदा आहे, मग भीती कसली?

२०१४ चा कायदा संमत झाला, पण अंमलात आणलेलाच नाही. व्हॉट्सॲपवर हे कोणी लिहीत नाही. केंद्राच्या खात्यांसाठी २००४ चा ठराव आहे: तक्रार बंद पाकिटात केंद्रीय दक्षता आयोगाकडे, स्वतःच्या नावानिशी. खासगी कंपनी त्यात येत नाही.

कागदांचे फोटो पत्रकाराला पाठवू?

नको. आधी स्वतःसाठी वकील करा.

पक्षकाराने फी थकवली. ‘सगळं बाहेर काढीन’ म्हणू का?

ही खंडणी झाली. फीसाठी दिवाणी दावा लावा. आणि त्याची फाइल अडवून बसू नका. सर्वोच्च न्यायालयाने तो मार्ग २००० सालीच बंद केलाय.