संग्रहासाठी घेतलेला जुना स्प्रे पेंटचा डबा किती वर्षांचा आहे हे कसं ओळखायचं? भरलेला डबा घरात ठेवला तर चालतो का?

आधी लेबल वाचा. स्प्रे पेंट १९४९ साली अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या सिकॅमोर इथे एडवर्ड सीमोर यांनी आणला. त्यामुळे त्याआधीचा म्हणून कोणी डबा दाखवला तर विश्वास ठेवू नका. अमेरिकी डब्यावरच्या पत्त्यात पाच आकडी झिप कोड (आपल्या पिन कोडसारखा) असेल तर तो १९६३ नंतरचा. बारकोड दिसला तर १९७४ नंतरचा. १९७८ मध्ये तिथे बहुतेक एरोसोलमधल्या (दाबाने फवारणाऱ्या डब्यांमधल्या) सीएफसीवर, म्हणजे फवारा बाहेर ढकलणाऱ्या पण ओझोन थराला घातक वायूंवर, बंदी आली, म्हणून ‘सीएफसी नाही’ असं छापलेले डबे साधारण त्या सुमाराचे किंवा नंतरचे. मला स्वतःला मूळ टोपणासकटचा डबा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण बंद झालेल्या रंगाची छटा बऱ्याचदा त्या टोपणावरच उरलेली असते.

भरलेल्या डब्याचं मात्र जपून. गंज बहुधा तळाच्या कडेपासून धरतो, म्हणून डबे कोरड्या जागी, उभे, ऊन आणि आगीपासून लांब ठेवा. ५० अंश सेल्सिअसच्या वर तापू देऊ नका. नोझल दाबून काही आलं नाही म्हणजे डबा रिकामा झाला असं समजू नका. नोझल तुंबलेलं असू शकतं आणि आत दाब तसाच असू शकतो. रिकामा करायचा म्हणून भोक तर कधीच पाडू नका. तळ फुगलेला किंवा गळका डबा कितीही दुर्मीळ असला तरी संग्रहात घेऊ नका.