आधी बियाणं, मग बाकीचं

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

रात्री दीड वाजता पाठवलेला तुझा लांबलचक मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. सोयाबीन कापायचा हार्वेस्टर गावात आलाय आणि दोन दिवसांत इंदूरजवळच्या देपालपूरकडे निघून जाईल. अलिराजपूरची मजुरांची टोळी दुसऱ्याच कुणी आधी ठरवून ठेवलीय. व्यापारी खळ्यावर येऊन सगळा ढीग रोखीने उचलायला तयार आहे. आजोबा म्हणतात विकून मोकळी हो, सोसायटीचं कर्ज फेड. शनिवारी पाऊस सांगितलाय. आणि या सगळ्याच्या खाली एक ओळ, "काकू, आधी काय करू?"

एवढ्या मजकुरात कामाचा प्रश्न तेवढा एक. आधी बियाणं बाजूला काढ.

पुण्याची नोकरी सोडून आलीस ते बरं केलंस की नाही, यावर मी काही बोलणार नाही. पीक कापणीला आल्यावर असले प्रश्न काढायचे नसतात. ते मे महिन्यात विचार, तेव्हा वेळच वेळ असतो.

तर बियाणं. आज उन्हं उतरल्यावर शेतात जा आणि सगळं पीक बघत फिरू नकोस, फक्त तो उंचवट्याचा पट्टा बघ, जिथे यंदा पाणी साचलं नाही. झाडांची पानं गळून शेंगा पिवळट-तपकिरी झाल्या असतील, हलवल्यावर आत दाणे खुळखुळत असतील, तर तो पट्टा तयार आहे. त्यात अजून हिरवी उभी असलेली झाडं, पानं पिवळी पडून रोगट झालेली झाडं, वेगळ्याच उंचीची झाडं मुळासकट उपटून बाहेर टाक. एवढं आजच. उद्या पहाटे दोन बायका आणि तू, असा तो पट्टा विळ्याने काढायचा. टोळी नाही मिळाली तरी दोन बायका मिळतात, शेजारी विचार. दव असेपर्यंत शेंग तडकत नाही. ऊन चढलं की विळा लागताच दाणे उडून मातीत जातात, आणि मग तू वेचत बसशील. बाकीच्या शेतात खुशाल हार्वेस्टर घाल, मी जुनाट नाही. पण बियाण्याच्या पट्ट्यात नाही म्हणजे नाही.

का, ते सांगते, कारण तू कारण विचारल्याशिवाय ऐकणाऱ्यातली नाहीस. सोयाबीनचं साल फार पातळ, आणि कोंब त्या सालाच्या अगदी लगत. मशीनचा मार बसला, पोतं ट्रॉलीतून धप्पकन खाली टाकलं, की बाहेरून दाणा धड दिसतो आणि आतला कोंब मेलेला असतो. ते जूनमध्ये कळतं, पेरून झाल्यावर. म्हणून बियाण्याची रास काठीने बडवून काढ. थ्रेशरच वापरायचा असेल तर ड्रमचा वेग मिनिटाला ३५० ते ४०० फेऱ्यांवर आण आणि ऑपरेटर हसला तर हसू दे. मग ताडपत्रीवर पातळ पसरून वाळव. दाणा दाताखाली धरून बघायचा. कटकन दोन तुकडे झाले तर वाळला. दात रुतला तर अजून एक ऊन.

किती ठेवायचं? हेक्टरी ७० ते ८० किलो लागतं, म्हणजे एकरी ३० किलो धर. तुझ्या चार एकरांना सव्वा क्विंटल. तू दोन क्विंटल ठेव, कारण चाळणीत काही जाईल आणि आपल्याकडे दुबार पेरणीची वेळ कधी येईल सांगता येत नाही. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये धरला तर या दोन क्विंटलचे साडेदहा हजारांच्या वर होतात. आजोबांना सांग, सोसायटीचं कर्ज या साडेदहा हजारांवर अडलेलं नाही.

ते ऐकणार नाहीत, मला माहीत आहे. "जूनमध्ये नवं आणू की," असं म्हणतील. हे वाक्य मी आमच्या घरात इतक्यांदा ऐकलंय की आता कानाला सवय झाली.

तू तेव्हा पुण्यात होतीस, म्हणून सांगते. २०१९ ला पाऊस ऑक्टोबर लागला तरी माळव्यातून हलायला तयार नव्हता. सोयाबीन शेतातच भिजलं, शेंगेतल्या शेंगेत दाणा काळा पडला. पुढच्या वर्षी पिवळा मोझॅक रोग आणि खोडमाशीच्या किडीने वाट लावली. अशी लागोपाठ दोन वर्षं गेल्यावर २०२१ च्या जूनमध्ये चांगलं बियाणं कुठून येणार? लोक दुकानांपुढे उभे, भाव विचारून परत फिरतायत. त्या ऑगस्टात मंडीत सोयाबीनच क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं होतं, बियाण्याचं काय बोलायचं!

आणि आमच्याकडे २०२० च्या ऑक्टोबरात काय झालं, ते तू तुझ्या बाबांकडून ऐकलं असशील, पण ते त्यांच्या बाजूने. आता माझ्याकडून ऐक. दिराला मुलाच्या कॉलेजची फी भरायची होती. घरात रोकड नव्हती. मागच्या खोलीत आमच्या बियाण्याची पोती उभी होती. तो म्हणाला, "वहिनी, ही काढून टाका, जूनमध्ये नवं आणू." मी आत गेले, हातातल्या पाटल्या काढल्या आणि त्याच्या पुढ्यात ठेवल्या. म्हटलं, सराफ्यात जा आणि गहाण टाक, पोत्यांना हात लावू नकोस. त्याला ते लागलं. बाईचे दागिने घेऊन फी भरायची म्हणजे त्याच्या मानाचा प्रश्न झाला. फी भरली गेली, पाटल्या पुढे सुटल्याही. जूनमध्ये आमचं शेत वेळेवर पेरून झालं, तो महागाचं बियाणं आणून बसला आणि त्यातलं निम्मं उगवलं नाही. अजून दिवाळीला येतो, फराळ करतो, पण मागच्या खोलीकडे बघत नाही.

लोक म्हणतात, मी चिंधीचोर आहे. म्हणू देत. आवाज चढला होता हे खरं, पण आधी त्याचा चढला होता. मी पोती दिली असती तर दोघांचीही शेतं मोकळी राहिली असती, हे कुणी बोलत नाही.

माझ्या या हट्टाला आणखी एक कारण आहे. सासऱ्यांकडे एक कठिया गहू होता. पेरला की पुन्हा पाणी द्यावं लागायचं नाही, काळ्या मातीतल्या ओलीवर यायचा. बोअर आले, सगळ्यांनी नवी वाणं धरली, तरी सासरे एक कणगी तेवढी राखून होते. मग वाटण्या झाल्या. भांडी मोजली, झाडं मोजली, बैल वाटले, आणि ती कणगी कुणाच्याच वाट्याला न येता दळून टाकली. मी नवी सून, दाराआड उभी. त्या पिठाच्या पोळ्या मीच लाटल्या. ते वाण मी नंतर पुष्कळ शोधलं, मंडीत, पाहुण्यांच्या गावी, कुठे कुठे. आता तू मला जुन्या आठवणी सांगते म्हणू नकोस. मी तुला सांगते आहे की बियाणं बोलत नाही, त्याच्या वतीने घरातल्या एकाला भांडावं लागतं. तुमच्या घरात ती एक तू.

सासूबाईंची मात्र तऱ्हा वेगळी होती. त्या भांडायच्या नाहीत. नवरात्रात घट बसायचा, परडीत काळी माती, आणि त्या घटाभोवती धान्य पेरताना त्या मातीचे भाग पाडायच्या. या अंगाला नाल्याकाठच्या शेतातला गहू, त्या अंगाला विहिरीखालचा, मागे शेजाऱ्याकडून आणलेला. आरती रोज, पाण्याचा शिपका रोज. दसऱ्याला देवीपुढे हात जोडताना एक डोळा कोंबांवर असायचा. कुठला दाट आला, कुठला विरळ, कुठला पिवळा. नंतर दिवाळी होऊन गव्हाच्या पेरणीची वेळ आली की कुठलं पोतं उघडायचं हे त्यांना कुणाला विचारावं लागत नसे. तुझ्या घरी घट बसतो ना? मग गव्हाच्या बियाण्यासाठी निराळी परीक्षा शोधत बसू नकोस. सोयाबीनसाठी मेमध्ये शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळ. सत्तर उगवले तर निर्धास्त पेर. कमी उगवले तर एकरी बियाणं वाढव.

दुकानदार तुला सांगेल, घरचं बियाणं चालत नाही. सोयाबीन स्वपरागी पीक आहे, म्हणजे आपल्याच परागाने फळतं, वाण तेच राहतं. तीन वर्षं घरचं वापर, मग थोडं प्रमाणित आणून पुन्हा सुरुवात कर. आणि कुणी कायद्याची भीती घातली तर २००१ चा वाणांच्या संरक्षणाचा कायदा दाखव. त्यात शेतकऱ्याला आपलं बियाणं राखायचा, पेरायचा, देण्याघेण्याचा आणि विकायचाही हक्क दिलाय. फक्त ब्रँडचा शिक्का मारून विकायचं नाही. शंका असेल तर खंडवा रोडला सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, तिथे जाऊन विचार. इंदूरचे लोक छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोहे खायला रोज जातात, तिथे कुणी जात नाही.

बाकीचं थोडक्यात.

भुसा जाळू नकोस. अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज १९२४ ते १९३१ इथेच होता, काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर लावून खत करायची त्याची पद्धत जगभर इंदूरच्या नावाने ओळखली जाते. आणि आपण काडीपेटी घेऊन उभे.

व्यापाऱ्याला खळ्यावरचा ढीग देऊ नकोस. इंदूरच्या दोन मंडींचे भाव विचार, छावनी आणि लक्ष्मीबाई नगर. ओलावा १२ टक्क्यांच्या आत आला की मगच ट्रॉली भर. तुलाईच्या वेळी काट्याजवळ उभी राहा, फोनवर बोलत बसू नकोस.

कापणीच्या बायकांना सकाळचा चहा आणि दुपारी भाकरीबरोबर पातळ पिठलं दे. त्यांची पोरं झाडाखाली असतील, तिथे पाण्याचा माठ ठेव. हे सांगायला नको होतं, पण तुझ्या मेसेजमध्ये मजुरीचा हिशेब होता आणि जेवणाचा नव्हता.

बियाणं तागाच्या पोत्यात भर. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून वीतभर लांब, एकावर एक चारापेक्षा जास्त थप्पी नाही, आणि खताच्या गोण्या त्या खोलीत अजिबात नकोत. पोत्यावर मार्करने मोठ्या अक्षरात "बियाणं" असं लिही. आजोबांना चष्म्याशिवाय वाचता येईल इतकं मोठं.

शुक्रवारी दुपारी मी येते. तोवर पट्टा काढून झालेला असू दे.

तुझी,
काकू

ता. क. माझी मोठी ताडपत्री गड्याबरोबर पाठवते आहे. परत करताना वाळवून दे. मागच्या वेळी तुझ्या चुलत्याने ओलीच घडी घालून दिली होती आणि ती आठवडाभर वास मारत होती.