साताऱ्याहून इटलीत ट्रेकला जातोय. बासिलिकाताच्या मातीच्या घळींत पावसानंतर चालता येतं का?

नाही, पाऊस पडून गेल्यावर तिथल्या आलियानो गावाजवळच्या घळींत उतरू नका. माती नीट सुकेपर्यंत मेटापोंतोच्या किनाऱ्यावरच्या पाइनच्या सावलीत चाला. तिथली जमीन वाळूची, पाणी लगेच जिरतं. अजिंक्यतारा, यवतेश्वर चढणाऱ्या आपल्या लोकांची गफलत इथेच होते: सह्याद्री बेसाल्टचा, ओला झाला तरी पायाखाली खडक असतो. आलियानोच्या घळींत मात्र जुन्या समुद्रतळाची वर उचलली गेलेली चिकणमाती आहे. ती भिजली की फुगते, वाळली की तडकते आणि पुढच्या सरीत त्याच भेगांतून वाहून जाते. बुटांना चिखलाचे गोळे चिकटतात, पकड सुटते, धारही ढासळते. भर उन्हाळ्यात मात्र घळींत सावलीच नसते, तेव्हा कोरड्या मातीतही पहाटेच निघा, पाणी भरपूर घ्या.