गोळ्या चालू आहेत, तरी मी पूर्वीसारखी का नाही?

तुम्ही लिहिले आहे की बायपोलरच्या, म्हणजे मन कधी टोकाचे चढते तर कधी टोकाचे खचते त्या आजाराच्या, पहिल्या उन्मादानंतर (मन चढण्याच्या काळानंतर) तीन आठवडे रुग्णालयात काढून घरी येऊन दोन महिने झाले, मन स्थिर ठेवणारे लिथियम हे औषध चालू आहे, हात थरथरतात, सकाळी अंथरुणातून उठवत नाही, शाळेत पुन्हा शिकवायला उभे राहण्याची भीती वाटते आणि घरचे विचारतात की आता बरी झालीस ना, मग गोळ्या कशाला. माझे निदान 2006 मध्ये झाले. मी डॉक्टर नाही. रुग्ण म्हणून जे कळले, तेवढेच सांगतो.

उन्माद ओसरल्यावर अशी मरगळ अनेकांना येते. घरच्यांना ती आळस वाटते आणि आपल्याला ती गोळ्यांची करामत वाटते. पण ती औषधाची सुस्ती असू शकते, आजाराची दुसरी बाजू म्हणजे नैराश्य असू शकते, किंवा लिथियममुळे मंदावलेले थायरॉइडही असू शकते, आणि या तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत. मला चौथ्या वर्षी थायरॉइडचा त्रास निघाला, तोवर सहा महिने मी स्वतःलाच दोष देत होतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना ‘बरे वाटत नाही’ एवढेच न सांगता दोन आठवड्यांची झोपेची आणि उठण्याची वेळ वहीत लिहून न्या आणि थरथरीचेही सांगा. डोस बदलून ती बऱ्याचदा कमी होते. जगणेच नकोसे वाटू लागले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, घरातल्या एकाला जवळ बसवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रीही चालतो.

‘बरी झालीस ना’ या प्रश्नाला मी 2011 मध्ये स्वतःच बळी पडलो. पाच वर्षे काहीच झाले नव्हते, म्हणून कोणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. गणपतीच्या आराशीसाठी तीन रात्री जागलो, चौथ्या दिवशी थकवा तर नव्हताच, उलट सगळे जग पहिल्यांदाच नीट समजल्यासारखे वाटत होते, आणि त्या भरात भावाच्या घरासाठी ठेवलेल्या पैशांतून एका गाळ्याचा विसार देऊन आलो. लिथियम एकाएकी थांबवल्यास आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे मला त्यानंतर रुग्णालयात कळले. बंद करायचेच असेल, तर ते डॉक्टरांशी बोलून आणि सावकाश.

लिथियमची पातळी रक्तात साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रति लिटरच्या दरम्यान ठेवतात. तपासणीचे रक्त शेवटच्या डोसनंतर सुमारे 12 तासांनी द्यायचे असते. सकाळची गोळी घेऊन रक्त दिले तर आकडा फसवा येतो. शरीरातले पाणी आणि मीठ घटले की ही पातळी चढते. त्यामुळे निर्जळी उपवास, हरतालिका असो वा एकादशी, आपल्यासाठी नाही, आणि हे सासूबाईंना किंवा आईला आधीच सांगून ठेवलेले बरे. अंगदुखीसाठी दुकानातून आयब्युप्रोफेनसारखी गोळी परस्पर घेऊ नका. उलट्या-जुलाब, वाढलेली थरथर, चालताना तोल जाणे, बोलणे जड होणे, यांपैकी काही दिसले तर लगेच डॉक्टर गाठायचा. मूल हवे असेल, तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलायला हवे.

मला सर्वांत उपयोगी पडला तो एक कागद. चांगला असताना मी आणि भावाने बसून माझ्या खुणा लिहिल्या: पहाटे पाचला जुन्या वर्गमित्रांना फोन करतो, अक्षर मोठे होते, कोणी ‘जरा हळू बोल’ म्हटले की चिडतो. सलग दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोप झाली, तर भाऊ मला न विचारता डॉक्टरांना फोन करेल, असे त्यात ठरले आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार आपला निर्णय आपल्याला घेता येणार नाही अशा वेळी कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आधीच लेखी नोंदवता येते. आपल्या वतीने बोलणारी व्यक्तीही साध्या कागदावर सही करून नेमता येते आणि पुढे बदलताही येते. हा अधिकार वापरणारे फार थोडे लोक मी पाहिले आहेत.

शाळेबद्दल म्हणाल, तर मुख्याध्यापकांना गाठून सुरुवातीला कमी तासिका मागा. उन्मादात सहकाऱ्यांना पाठवलेल्या संदेशांची लाज मला समजते. मी गाळेवाल्याकडे माफी मागायला गेलो तेव्हा त्याने चहा दिला, विसार मात्र परत दिला नाही. प्रत्येकाला खुलासा देत बसू नका. ज्यांचे खरोखर नुकसान झाले, त्यांच्याशी बोला. बाकीचे आपल्या समजुतीपेक्षा लवकर विसरतात.

एक गोष्ट अजूनही जात नाही. आनंद झाला की मी दचकतो, हा माझा आनंद की आजाराचा? त्याचे उत्तर मनात शोधणे मी सोडून दिले आहे. रात्री किती तास झोपलो, एवढेच पाहतो. गेल्या गणपतीत मखर अर्धे झालेले असताना अकराला उठून झोपायला गेलो. सकाळी पाहिले तर पुतण्यांनी ते पूर्ण केले होते, थोडे डावीकडे कललेले.