सकाळची सफारी आधी!

प्रश्न : आम्ही दोघं (वय ६३ आणि ५८) मे महिन्यात मुलाकडे फ्लोरिडाला जाणार आहोत. तो डिस्नेच्या ‘ॲनिमल किंगडम’ या प्राण्यांच्या थीम पार्कची तिकिटं काढतोय. पाळण्यात बसायचं आमचं वय नाही. जावं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : जरूर जा. आम्हीही नाकं मुरडतच गेलो होतो.

गेट उघडताच उघड्या ट्रकमधली आफ्रिका सफारी गाठा. ऊन चढलं की प्राणी सावलीला जातात. आमच्या ट्रकसमोर जिराफ ठाण मांडून उभा राहिला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. इतक्या जवळून त्याच्या पापण्या दिसल्या, अगदी आमच्या नातीसारख्या लांब!

मधोमध १४५ फुटी ‘ट्री ऑफ लाइफ’ आहे. झाड खोटं, आतला सांगाडा समुद्रातल्या तेलविहिरीच्या धर्तीचा, पण खोडावर तीनशेहून अधिक प्राणी कोरलेत. ह्यांनी मोजायला घेतले आणि एकतिसाव्याला आमचं भांडण झालं: माकड की अस्वल?

आशिया विभागात ‘आनंदपूर’ नावाचं काल्पनिक गाव आहे. पोपडे उडालेल्या भिंती, रंगवलेल्या जाहिराती. “एवढे पैसे भरून एसटी स्टँडच बघायचा होता तर...” इति हे. पण तिथल्या पडक्या महालातला वाघ मात्र खरा.

‘एव्हरेस्ट’ या रोलर कोस्टरची गाडी अंधारात मागच्या दिशेने धावते. गुडघे, पाठ किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर सरळ बाकावर बसा. हे हट्टाने बसले. उतरले तेव्हा चष्मा मुठीत आणि तोंडातून शब्द नाही. मी तेवढ्या वेळात निवांत आइस्क्रीम संपवलं.