ट्रायल म्हणून प्ले दाबू नका

वाचकांचे प्रश्न : मोबाइल, टीव्ही, इंटरनेट

पावसाळा तोंडावर आला की या सदराच्या टपालाचा रंग बदलतो. चार्जर आणि बॅटरी मागे पडतात आणि 'डाउनलोड केलेलं उडालं' ही तक्रार वर येते. या वेळी तशीच पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली, कारण त्यात बाकीच्यांची निम्मी उत्तरं आहेत.

काका, नमस्कार. मी भामरागडकडे आरोग्य खात्यात नोकरीला आहे, घर नागपुरात त्रिमूर्तीनगरला. घरी आलो की वायफायवर सिनेमे-मालिका फोनमध्ये भरून नेतो. क्वार्टरवर रेंजचा भरवसा नाही आणि पर्लकोटेला पूर आला की रस्ताही बंद. मागच्या खेपेला सगळं नीट उतरलं की नाही हे पाहायला घरीच प्रत्येक सिनेमा दोन-दोन मिनिटं लावून बघितला. तिकडे पोहोचलो, ड्युटी आटोपून निवांत बसलो, तर बहुतेकांवर 'मुदत संपली'! रिन्यू दाबलं तर इंटरनेट मागून राहिलं. इंटरनेट नाही म्हणूनच तर डाउनलोड केलं ना? दर महिन्याला पैसे भरून राहिलो, मग असं काहून?
*– एक वाचक, त्रिमूर्तीनगर*

तुमचे सिनेमे त्या दोन-दोन मिनिटांनीच खाल्ले.

अशा डाउनलोडला एक नाही, दोन मुदती असू शकतात. पहिली, फोनमध्ये उतरवल्यापासून किती दिवसांत बघायला सुरुवात करायची याची. दुसरी, एकदा प्ले दाबलं की किती तासांत संपवायचं याची. प्राइम व्हिडिओवर पहिली मुदत साधारण ३० दिवसांची आणि दुसरी ४८ तासांची असते. नेटफ्लिक्सवर प्रत्येक सिनेमाचा हिशोब वेगळा. काही डाउनलोड ७ दिवसांत संपतात, काही पहिल्यांदा प्ले दाबल्यापासून ४८ तासांत, काही त्याहून पुष्कळ जास्त टिकतात. ४८ तासांचं हे घड्याळ सिनेमा पॉज केला म्हणून थांबत नाही, फोन बंद ठेवला म्हणूनही थांबत नाही. तुम्ही नागपुरात दोन मिनिटं पाहिलं तेव्हाच ते सुरू झालं. गणेशपेठहून एसटीत बसला तेव्हा त्यातले बरेच तास संपले होते.

आता इंटरनेट का मागतं ते. सिनेमा तुमच्या फोनमध्येच असतो, पण कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला. तो उघडणारी किल्ली वेगळी येते. तिला लायसन्स म्हणतात आणि ती कंपनीच्या सर्व्हरवरूनच मिळते. अँड्रॉइडवर हे काम गुगलचं वाइडवाइन करतं, आयफोनवर ॲपलचं फेअरप्ले. दोन्हींच्या लायसन्समध्ये या दोन्ही मुदती लिहायची सोय आहे. मुदत संपली की सिनेमा आहे तिथेच राहतो, किल्ली तेवढी बाद होते. रिन्यू करायचं म्हणजे नवी किल्ली मागवायची. तिला इंटरनेट हवं, पण अगदी थोडं. आख्खा सिनेमा पुन्हा उतरवावा लागत नाही. त्यामुळे क्वार्टरकडे परतताना वाटेत आलापल्लीला वगैरे रेंज दिसली तर चहा पिता पिता ॲप उघडून रिन्यू दाबून घ्या. ती रेंज यूट्यूबवर घालवू नका.

मुदती आल्या कुठून? भाड्याच्या धंद्यातून. ॲपलने जानेवारी २००८ मध्ये आयट्यून्सवर सिनेमे भाड्याने द्यायला सुरुवात केली, तेव्हा अमेरिकेतला नियम होता की ३० दिवसांत सुरू करा आणि सुरू केल्यावर २४ तासांत संपवा. आजच्या नियमांचा सांगाडा तोच आहे, तासांचे आकडे तेवढे सैलावले. नेटफ्लिक्सने डाउनलोडची सोय दिली नोव्हेंबर २०१६ अखेरीस. तोवर निर्मात्यांना नुसत्या 'दाखवण्याच्या' हक्काचे पैसे मिळत होते. प्रत सामान्य माणसाच्या फोनमध्ये जाऊन बसणार म्हटल्यावर त्यांनी अटी घातल्या. म्हणून बाहेरून घेतलेल्या सिनेमांच्या मुदती सहसा आखूड असतात आणि कंपनीच्या स्वतःच्या मालिकांच्या सहसा ऐसपैस. भामरागडला नेताना दुसऱ्या प्रकारचं जास्त भरा.

मी धरमपेठेत व्हिडिओ लायब्ररी चालवायचो तेव्हाही कॅसेट चोवीस तासांचीच असे. उशीर झाला की मी दंड घ्यायचो, त्यावर लोक भांडायचे, आणि त्यातले काही अजून लग्नकार्यात भेटले की तोच विषय काढतात. पण माझं घड्याळ कॅसेट दुकानातून बाहेर पडली की सुरू होई आणि ते दोघांनाही दिसे. रजिस्टरात तारीख, वेळ, सही. इथे दुसरं घड्याळ तुमच्याच बोटाने सुरू होतं आणि ते सुरू झाल्याचं बऱ्याचदा कळतही नाही. माझा राग मुदतीवर नाही, या लपवाछपवीवर आहे. डाउनलोडच्या बटणाशेजारी 'प्ले केल्यावर ४८ तास' एवढं लिहायला कितीशी जागा लागते? नेटफ्लिक्स शिल्लक वेळ दाखवतं, पण सात दिवसांपेक्षा कमी उरले की मगच. एरवी सगळी माहिती मदत-पानावर, जिथे माणूस जातो तो नुकसान झाल्यावर.

पुढच्या खेपेसाठी सांगतो. डाउनलोड निघायच्या आदल्या रात्री करा, आठवडाभर आधी नको. जुनं काही फोनमध्ये असेल तर त्याच वेळी वायफायवर रिन्यू करून घ्या. ॲप चालतं की नाही याची खात्री हवीच असेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाकून एखाद्या मालिकेचा एकच भाग लावून बघा. प्रत्येक भागाचं लायसन्स वेगळं असतं, त्यामुळे घड्याळ त्या एका भागाचंच सुरू होतं, बाकीचे भाग शाबूत राहतात. सिनेमाला मात्र हात लावू नका. आणि क्वार्टरवर एका वेळी एकच सिनेमा सुरू करा, तो संपवा, मग दुसरा. थोडा हा, थोडा तो अशी सवय असेल तर ती तिकडे महागात पडते.

रिन्यू करायलाही अंत आहे हे लक्षात असू द्या. नेटफ्लिक्सवर काही सिनेमे वर्षातून ठरावीक वेळाच उतरवता येतात. आणि कंपनीचा त्या सिनेमाचा करारच संपला तर रिन्यू करायला काही उरत नाही. वर्गणी थकली, तर सगळं एकदम जातं.

काका, हॉस्टेलचं वायफाय महिन्यातून निम्मे दिवस बंद असते. मित्र म्हणतो फोनची तारीख मागे केली की डाउनलोड एक्स्पायर होत नाही. खरं आहे का?
*– इंजिनीअरिंगचा विद्यार्थी*

अरे बाबू, हा उपाय मित्राने स्वतः करून बघितलाय का ते आधी विचार. या लायसन्सच्या व्यवस्था फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या तारखेवर आंधळा विश्वास ठेवत नाहीत. घड्याळ मागे सरकलं हे ओळखायची सोय त्यांच्यात असते, आणि पुन्हा इंटरनेट आलं की सर्व्हरची वेळ समोर येतेच. समजा, एखाद्या ॲपवर जमलं. तरी तारीख चुकीची असली की व्हॉट्सॲप उघडायला नकार देतं, वेबसाइटी 'सुरक्षित नाही' म्हणून अडवतात, पैशांची ॲपं रुसतात. एका सिनेमासाठी आख्खा फोन आजारी पाडू नकोस.

आणखी एक, तू विचारलं नाहीस तरी. हॉस्टेलवर पुढची पायरी असते स्क्रीन रेकॉर्डिंग किंवा टेलिग्रामवरची फाइल. स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये बहुतेक वेळा काळा पडदा आणि आवाज तेवढा येतो, ते याच संरक्षणामुळे. आणि आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं आहे. हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. वायफायच्या तक्रारीचा अर्ज वॉर्डनकडे दे. सगळ्यांच्या सह्या घेऊन.

मी सिनेमे मेमरी कार्डवर डाउनलोड केले. ते कार्ड काढून भाऊजींच्या फोनमध्ये टाकलं तर काहीच दिसत नाही. कार्ड खराब झालं का?
*– एक गृहिणी, नंदनवन*

कार्ड ठणठणीत आहे ताई. वर सांगितलेली किल्ली तुमच्या फोनला बांधलेली आहे, ती कार्डासोबत जात नाही. कार्ड परत तुमच्या फोनमध्ये घाला. आणि 'फॉरमॅट करा' असं फोन विचारेल तेव्हा घाईत हो म्हणू नका, त्यात फोटोही जातील.

आमच्या खात्यावर लेक पुण्यात बघते, आम्ही इथे मनीषनगरला. आता माझ्या नव्या फोनवर डाउनलोड केलं की 'फार उपकरणं झाली' असा संदेश येतो. बघायला मात्र अडचण नाही. हे काय गौडबंगाल?
*– निवृत्त बँक कर्मचारी*

बघण्याची मर्यादा वेगळी आणि डाउनलोड ठेवण्याची वेगळी. नेटफ्लिक्सच्या मोबाइल आणि बेसिक प्लॅनमध्ये डाउनलोड एकाच उपकरणावर ठेवता येतात, स्टँडर्डमध्ये दोन, प्रीमियममध्ये सहा. माझा अंदाज असा की जुना फोन तुम्ही बर्डीवर एक्स्चेंजमध्ये देऊन आलात आणि त्याची जागा खात्यात अजून अडकून आहे. ब्राउझरमधून खात्याच्या पानावर जा आणि उपकरणांच्या यादीतून जुना फोन काढून टाका. पुढच्या वेळी फोन देण्याआधी डाउनलोड पुसा, साइन आउट करा, मगच काउंटरवर ठेवा. माझा पुतण्या मोबाइलचं दुकान चालवतो. लोक जुन्या फोनमध्ये काय काय तसंच ठेवून देतात हे त्याच्याकडून ऐकलं की अंगावर काटा येतो.

आई शेगावला पायी जाते. वाटेत ऐकायला तिला यूट्यूबवरची भजनं सेव्ह करून दिली. तिसऱ्या दिवशी फोन करून म्हणते, सगळी बंद. हे पैसे उकळायचे धंदे आहेत का?
*– एक वाचक, महाल*

थोडे आहेत. यूट्यूबने भारतात फुकट ऑफलाइनची सोय डिसेंबर २०१४ मध्ये आणली, तेव्हापासून तिची मर्यादा ४८ तासांची. पैसे भरून प्रीमियम घेतलं तर तेच डाउनलोड साधारण महिनाभर चालतं. पण इथलं घड्याळ सिनेमाच्या ॲपपेक्षा वेगळं आहे. ते प्ले दाबल्याने सुरू होत नाही, शेवटचं इंटरनेट कधी मिळालं यावर चालतं. फोनला थोडा वेळ डेटा मिळाला की मुदत पुन्हा नव्याने मोजली जाते. म्हणून आईंना एवढंच शिकवा की मुक्कामाच्या ठिकाणी रात्री डेटा चालू करायचा, यूट्यूब एकदा उघडायचं आणि बंद करायचं. अमरावती-अकोल्याच्या पट्ट्यात त्यांना रोज कुठे ना कुठे रेंज मिळेलच. ज्या चॅनेलने डाउनलोडला परवानगीच दिलेली नाही त्याला मात्र इलाज नाही.

खरं तर भजनांसाठी मी यूट्यूबच्या भानगडीत पडणार नाही. दुकानात भजनं भरलेला छोटा स्पीकर मिळतो, कार्डवाला. त्याला ना मुदत, ना रेंज. आणि आईंच्या फोनची बॅटरी तुम्हाला फोन करायला शिल्लक राहील.

एकदाच पैसे देऊन सिनेमा कायमचा आपला करायचा काही मार्ग उरला आहे का? मला फक्त जुने मराठी-हिंदी सिनेमे हवे आहेत, तेही रात्री जेवल्यावर.
*– ज्येष्ठ वाचक, रामदासपेठ*

ऑनलाइन दुकानात 'विकत घ्या' असं बटण असतं. पण तिथेही सहसा तुम्हाला मिळतो तो बघण्याचा परवाना, प्रत नाही. दुकान बंद पडलं किंवा त्याचा करार संपला तर काय, हे त्यांच्या अटींच्या लांबलचक पानात असतं. कायमचं म्हणायचं तर डीव्हीडी अजून तग धरून आहे. नवीन कमी मिळतात, जुन्या शोधाव्या लागतात.

तुमच्या आवडीला एक मोठा फायदा मात्र आहे. आपल्या कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. म्हणजे १९५० च्या दशकातले सिनेमे त्यातून मोकळे झाले आहेत. ते साधी फाइल म्हणून ठेवले तर कुठलंही ॲप मुदत सांगत येणार नाही. गाण्यांच्या शब्दांचा आणि चालींचा हिशोब वेगळा आहे, तो कवी-संगीतकाराच्या मृत्यूपासून मोजतात. त्यामुळे घरी बघा, पण सोसायटीच्या गणपतीत पडदा लावण्याआधी कोणा जाणकाराला विचारा.

आणि परदेशातल्या नातवाकडून डीव्हीडी मागवणार असाल तर वेष्टनावरचा रीजनचा, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागासाठी आहे त्याचा, आकडा बघायला सांगा. भारताचा ५ आहे, अमेरिकेचा १. १ ची डिस्क इथल्या साध्या प्लेअरवर चालत नाही, 'ऑल रीजन' लिहिलेली चालते.